नेटवर बघून घरी कम्प्युटर खोलताय? आधी एवढं ठरवा, मग स्क्रू फिरवा

जून लागला, चार दिवस झड धरली की कोल्हापुरात पीसी रुसायला लागतात. कुणाचा चालूच होत नाही, कुणाचा बीप-बीप करून गप्प बसतोय, आणि राजारामपुरीत नाहीतर शाहूपुरीत दुकानात न्यावा तर "ठेवून जावा, दोन दिवसांनी फोन करा" हे ठरलेलं. मग माणूस मोबाइल काढतोय, मॉडेल टाकून सर्च मारतोय आणि फोटोसकट, बाणासकट सगळं समजावून सांगणारे गाइड समोर येतात, तेही फुकटात. भारीच गोष्ट आहे ही, मी त्याच्या विरोधात अजिबात नाही. रॅम काढून पुसून परत बसवायला किंवा फॅनमधली धूळ काढायला पैसे द्यायची खरंच गरज नसते.

पण अशा प्रत्येक साइटवर खाली बारीक अक्षरात नियम-अटी असतात आणि त्या कुणी वाचत नाही. सगळीकडं मजकूर जवळपास तोच, की माहिती जशी आहे तशी दिलीय, बरोबर असेलच याची खात्री नाही, वापरून काही बिघडलं किंवा डेटा गेला तर आम्ही जबाबदार नाही. म्हणजे सांगणारा सुटला, राहिलो आपण. मग आपल्या वाट्याला नेमकं काय काय येतंय ते कामाच्या क्रमानं बघू.

सुरुवात मॉडेलपासून

"एचपीचा लॅपटॉप आहे" एवढ्यावर गाइड शोधायचं नाही. एकाच नावाखाली कंपन्या डझनभर मशीन विकतात आणि एकात बॅटरी चार स्क्रूत निघते तर दुसऱ्यात आधी सगळा खालचा पत्रा उचकटावा लागतोय. लॅपटॉप उलटा करा, तिथं बारीक अक्षरात लिहिलेलं असतंय: डेलचा सात अक्षरी सर्व्हिस टॅग, एचपीचा प्रॉडक्ट नंबर, लेनोव्होचा मशीन टाइप. तो नंबर घेऊन पहिल्यांदा कंपनीचंच मॅन्युअल शोधा. बऱ्याच जणांना माहीतच नसतंय की लेनोव्हो हार्डवेअर मेंटेनन्स मॅन्युअल देते, एचपी मेंटेनन्स अँड सर्व्हिस गाइड देते, डेलचंही सर्व्हिस मॅन्युअल असतंय, आणि ही सगळी पीडीएफ फुकट उतरवता येतात. कुठला स्क्रू किती लांबीचा ते सुद्धा त्यात दिलेलं असतंय. आधी हे वाचायचं, मग बाकीच्यांचे व्हिडिओ.

गाइड कधीचं आहे आणि कुठल्या देशातल्या माणसानं लिहिलंय हे पण बघा. जुन्या काही एसएमपीएसच्या (डेस्कटॉपला वीज पुरवणारा आतला डबा) मागं छोटं लाल बटण असतंय, त्यावर 115 आणि 230 लिहिलेलं. अमेरिकेत घरात 120 व्होल्ट येतात, त्यामुळं तिकडचा माणूस बिनधास्त 115 वर ठेवा म्हणतोय. आपल्याकडं 230 व्होल्ट. ते बटण 115 वर असताना पिन लावली की आवाज येतोय आणि एसएमपीएस संपतोय. गाइड लिहिणाऱ्याचं यात काहीच चुकलेलं नसतंय, त्यानं त्याच्या घरचं लिहिलं. आपल्या घराला ते लागू होतंय का हे बघणं आपलं काम.

मशीन कुणाचं आहे?

स्वतःचं असेल तर प्रश्न नाही. ऑफिसचा लॅपटॉप असेल तर हात लावायचा नाही, विषय संपला. स्लो चालतोय म्हणून घरी आणून विंडोज मारणारे आहेत, नंतर कंपनीचा आयटीवाला विचारतोय तेव्हा तोंड कुठं लपवायचं कळत नाही.

खरी गंमत मित्राच्या आणि शेजाऱ्याच्या मशीनची असते, कारण गल्लीत एकदा "पोरगं कम्प्युटरमधलं बघतंय" असं नाव झालं की रांग लागते. काकू लॅपटॉप घेऊन येतात, "बाळ, जरा बघ की रे, लई हळू चालतंय," आणि ठेवून भाजीला जातात. इथं खोलायच्या आधी तीन गोष्टी बोलून घ्यायच्या, आणि शक्यतो व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून घ्यायच्या म्हणजे पुढं वाद नको. आत्ता नेमकं काय काय बिघडलेलं आहे, त्यात महत्त्वाचं काय काय आहे, आणि फॉरमॅट मारायची वेळ आली तर चालेल का. वाईट वाटेल म्हणून विचारायचं टाळू नका. आपण हात लावायच्या आधीच बिजागरी तुटकी होती हे नंतर सांगून कुणी ऐकत नाही, म्हणून घेतानाच चारी बाजूंनी फोटो काढा.

दुसऱ्याच्या मशीनमधले फोटो, मेल, बँकेची स्टेटमेंट उघडायची नाहीत. कॉपी झाली का बघायला फाइलची संख्या आणि साइज पुरते, दोन-चार फाइल उघडून बघायच्याच असतील तर मालकाला शेजारी बसवून त्यालाच उघडायला सांगा. हा नुसता सभ्यपणाचा भाग नाही. माहिती तंत्रज्ञान कायदा 2000 मध्ये मालकाच्या परवानगीशिवाय कम्प्युटरमध्ये शिरणं, डेटा काढून घेणं हे कलम 43 मध्ये येतंय, आणि अप्रामाणिक हेतूनं केलं तर कलम 66 खाली तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आणि ओळखीच्या ओळखीतला कुणी "पासवर्ड विसरलोय, काढून दे" म्हणून लॅपटॉप घेऊन आला तर आधी बिल मागा. बिल नाही, बॉक्स नाही, लॉगिनवर नाव भलत्याचंच, मग सरळ नाही म्हणायचं.

वॉरंटीचा हिशोब

बिलाची तारीख बघा, नाहीतर कंपनीच्या साइटवर सिरियल नंबर टाका, वॉरंटी कधी संपते ते लगेच कळतंय. चालू असेल तर घरी खोलायचा मोह आवरा. रॅम, एसएसडी (हार्ड डिस्कच्या जागी येणारी, चिपवर डेटा साठवणारी डिस्क) वाढवायला काही कंपन्या काही मॉडेलमध्ये मोकळीक देतात, पण वाढवताना तुमच्या हातून स्लॉट तुटला तर तो खर्च तुमचाच. सर्व्हिस सेंटरवाले अशा केसला सीआयडी म्हणतात, म्हणजे ग्राहकानं स्वतः केलेलं नुकसान, आणि एकदा कागदावर सीआयडी पडलं की फुकट काम विसरा. स्क्रू हेडवरचे ओरखडे आणि तुटलेल्या क्लिपा त्यांना बरोबर दिसतात, "आम्ही उघडलंच नव्हतं" असं म्हणून उपयोग नसतोय.

आपली बाजू खरी असेल तर मात्र गप्प बसू नका. ग्राहक संरक्षण कायदा 2019 आहे, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर 1915 आहे. केंद्र सरकारनं डिसेंबर 2022 मध्ये राइट टू रिपेअर पोर्टल पण काढलंय, कंपन्यांची मॅन्युअल, पार्ट आणि वॉरंटीची माहिती ग्राहकाला एका जागी मिळावी म्हणून.

बॅकअप, आणि इथं घाई नको

सगळ्यात जास्त रडारड इथंच होते म्हणून जरा निवांत लिहितो. मशीन पाच-दहा हजारात दुसरं येतंय, सेकंडहँड का होईना. मार्केट यार्डातल्या गुळाच्या अडतीचं तीन वर्षांचं टॅली, म्हणजे हिशोबाच्या सॉफ्टवेअरमधला सगळा डेटा, गेलं तर ते कुठल्याच दुकानात मिळत नाही.

लोक बॅकअप म्हणून डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट कॉपी करतात आणि झालं म्हणतात. टॅलीचा डेटा तिथं नसतोच, त्याचा फोल्डर वेगळा असतोय, टॅली उघडून त्यातच डेटाचा पाथ बघायचा आणि टॅलीमधूनच बॅकअप घ्यायचा. फॉरमॅट मारायच्या आधी टॅलीचं लायसन सरेंडर करायला विसरू नका, ते मशीनला बांधलेलं असतंय, नंतर नव्या विंडोजवर अ‍ॅक्टिव्हेट करताना डोक्याला ताप. लग्नपत्रिकावाल्या डीटीपीच्या दुकानातलं मशीन असेल तर श्रीलिपीचं (मराठी फॉन्टचं सॉफ्टवेअर) डोंगल, म्हणजे ते चालू व्हायला लावावी लागणारी यूएसबी किल्ली, आणि सेटअप हातात आहे का ते आधी विचारा, नाहीतर फॉरमॅटनंतर सगळ्या जुन्या पत्रिका उघडतात पण अक्षरांच्या जागी किडे-मुंग्या. ब्राउझरमधले सेव्ह पासवर्ड, जीएसटीच्या डिजिटल सिग्नेचरचा टोकन ड्रायव्हर, प्रिंटरचा मॉडेल नंबर, हे सगळं एका कागदावर लिहून काढा.

बिटलॉकर, म्हणजे ड्राइव्हवरचा डेटा कुलूपबंद करणारी विंडोजची सोय, विसरू नका. नवीन लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्ट अकाउंटनं लॉगिन केलं की ड्राइव्ह आपोआप एन्क्रिप्ट झालेली असू शकते आणि मालकाला त्याचा पत्ताही नसतोय. मग बायोसमध्ये (विंडोजच्या आधी चालू होणारी मशीनची मूळ सेटिंग) काहीतरी बदललं किंवा मदरबोर्ड बदलला की निळ्या स्क्रीनवर 48 आकडी रिकव्हरी की मागते. ती की बहुतेक वेळा त्याच मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये सेव्ह असते, पण ते अकाउंट तीन वर्षांपूर्वी दुकानदारानंच बनवून दिलेलं असेल तर? म्हणून हात लावायच्या आधी अकाउंटला लॉगिन करून की कागदावर उतरवून घ्या. ती नाही मिळाली तर त्या ड्राइव्हवरचं काही परत येत नाही, कितीही मोठा एक्स्पर्ट असू दे.

कॉपी झाली की पेन ड्राइव्ह किंवा एक्स्टर्नल डिस्क दुसऱ्या मशीनला लावून फाइल उघडून बघा. हे केलं नाही तर बॅकअप घेतलाच नाही असं समजा.

हार्ड डिस्क टक-टक आवाज करत असेल तर वरचं सगळं विसरा आणि मशीन बंद करा. अशा डिस्कवर नेटवरचं वाचून चेक डिस्क चालवायचं नाही, ती कमांड मरायला टेकलेल्या डिस्कला रात्रभर राबवते आणि उरलंसुरलं पण जातंय. आवाज नाही पण स्लो आहे असं असेल तर क्रिस्टलडिस्कइन्फोसारखं फुकट सॉफ्टवेअर लावून हेल्थ बघा, रीअलोकेटेड आणि पेंडिंग सेक्टरचे, म्हणजे डिस्कवरच्या खराब होत चाललेल्या जागांचे, आकडे वाढत चालले असतील तर दुरुस्तीच्या भानगडीत न पडता पहिल्यांदा डेटा बाहेर काढा. आणि एसएसडीवरून चुकून काही डिलीट झालं असेल तर मशीन लगेच बंद करा, ट्रिम नावाची सोय डिलीट झालेली जागा मागच्या मागं साफ करत असते, त्यामुळं तासाभरानं रिकव्हरी सॉफ्टवेअर लावून काही हाती लागेलच असं नाही.

आता खोला

पिन काढा, नुसतं बटण बंद करून भागत नाही. लॅपटॉप असेल तर चार्जर काढून पॉवर बटण तीसेक सेकंद दाबून धरा. पत्रा निघाला की पहिल्यांदा बॅटरीचा कनेक्टर सोडवायचा, रॅमला हात नंतर. डेस्कटॉपच्या कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला अधूनमधून हात लावत राहा म्हणजे अंगातली स्टॅटिक वीज निघून जाते. आपल्याला शॉक जाणवतोय साधारण तीनेक हजार व्होल्टला, पण काही चिप त्याच्या कितीतरी कमीला जातात, त्यामुळं "मला काय करंट लागला नाही" याला अर्थ नसतोय. पावसाळ्यात हवा दमट असल्यामुळं हा त्रास कमी, फेब्रुवारी-मार्चच्या कोरड्या हवेत जास्त. घरात अर्थिंग आहे का हे पण एकदा वायरमनला बघायला सांगा. जुन्या घरांतनं तीन पिनचा सॉकेट असतोय आणि आत दोनच वायरी, मग कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात आणि लोक मदरबोर्ड बदलत बसतात.

स्क्रूचं सांगतो. कागदावर लॅपटॉपचा उलटा चौकोन काढा आणि जिथला स्क्रू तिथं चिकटपट्टीनं चिकटवत चला. लॅपटॉपमध्ये एकाच पत्र्याला दोन-तीन लांबीचे स्क्रू असतात, लांब स्क्रू आखूड जागी घातला की वरच्या बाजूला पामरेस्टवर टेंगूळ येतंय किंवा बोर्डात घुसतोय. आणि स्क्रूड्रायव्हर बरोबर मापाचा घ्या, लॅपटॉपला बहुतेक वेळा पीएच झीरो लागतोय. घरातल्या मोठ्या स्क्रूड्रायव्हरनं जोर लावला की स्क्रूचं डोकं जातंय, मग पुढं सगळाच वैताग.

कीबोर्ड आणि टचपॅडची चपटी रिबन केबल असते, तिथं सगळ्यात जास्त नुकसान होतंय. ती ओढून काढायची नसते. सॉकेटला काळी किंवा पांढरी बारीक पट्टी असते, नखानं हलकेच वर उचलायची, ती उभी राहिली की केबल आपोआप सैल होते. काही सॉकेटमध्ये ही पट्टी वर उचलायची नसून पुढं सरकवायची असते, म्हणून जोर लावायच्या आधी मॅन्युअलमधलं चित्र बघा. परत बसवताना केबल सरळ आत गेली पाहिजे, तिच्यावरची आडवी रेघ सॉकेटला समांतर दिसली पाहिजे, मग पट्टी खाली दाबा. पट्टी तुटली तर ती सुटी मिळत नाही, बोर्डावरचं पूर्ण सॉकेट बदलायला लागतंय, आणि ते घरी होणारं काम नव्हे.

बाकी भरभर सांगतो. धूळ उडवताना फॅनचं पातं बोटानं धरून ठेवा, जोरात फिरू देऊ नका. थर्मल पेस्ट (प्रोसेसरची उष्णता हीटसिंकला पोचवणारा लेप) वाटाण्याएवढी पुरते, जुनी आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसून काढल्याशिवाय नवी लावू नका. रॅम घ्यायच्या आधी डीडीआर3 का 4 का 5 ते बघा, खाच वेगळ्या जागी असते, दाबून बसवायला गेलात तर स्लॉट फुटणार. एम डॉट टू एसएसडी घेताना सुद्धा मशीनला साटावाली चालते का एनव्हीएमई (जोडणीचे हे दोन वेगळे प्रकार आहेत) ते मॅन्युअलमध्ये बघूनच पैसे मोजा.

सॉफ्टवेअरच्या भानगडी

एका वेळी एकच बदल करा. चार गाइडमधले आठ उपाय एकदम केले आणि मशीन सुधारलं तरी कशानं सुधारलं ते कळत नाही, आणि बिघडलं तर अजूनच नाही. प्रत्येक बदलाआधी रिस्टोर पॉइंट बनवा म्हणजे मागच्या स्थितीला परत जाता येतं, रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंगचा साठा) हात घालणार असाल तर त्या भागाची एक्स्पोर्ट फाइल काढून ठेवा.

जी कमांड काय करते ते माहीत नाही ती पेस्ट करायची नाही, हा नियम काळ्या दगडावरची रेघ समजा. डिस्कपार्ट नावाच्या डिस्कचे भाग पाडायच्या कमांडमध्ये क्लीन लिहिलं आणि डिस्क नंबर चुकला तर भलतीच डिस्क रिकामी होते, "खरंच करू का" असं पण विचारत नाही. हल्ली अजून एक फसवणूक चाललीय, पान उघडलं की "तुम्ही रोबोट नाही हे सिद्ध करा" आणि खाली सांगतात विंडोज आणि आर दाबा, कंट्रोल व्ही दाबा, एंटर मारा. तुम्ही स्वतःच्या हातानं व्हायरस चालवत असता. कुठलाही खरा कॅप्चा असलं काही करायला सांगत नाही. तसंच स्क्रीनवर लाल पान येऊन "तुमचा कम्प्युटर लॉक झालाय, या नंबरवर फोन करा" आलं तर ब्राउझर बंद करा, मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या एरर मेसेजमध्ये फोन नंबर नसतोय. फोन करून एनीडेस्कचा (लांबून मशीन चालवायचं सॉफ्टवेअर) कोड दिलाच असेल कुणी आणि पैसे गेले असतील तर लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा, जितका उशीर तितके पैसे परत मिळायची आशा कमी.

क्रॅकचं, म्हणजे लायसन न घेता चालवलेल्या सॉफ्टवेअरचं, पण बोलायला पाहिजे, कारण निम्मी गल्ली त्यावरच चालते. फुकटचा अ‍ॅक्टिव्हेटर चालवायचा म्हणजे आधी अँटीव्हायरस बंद करायला सांगतात, तिथंच काय ते समजा. बेकायदा तर आहेच. काकूंच्या मशीनवर ते तुम्ही घालून दिलं आणि उद्या त्यांच्या खात्यावरनं पैसे गेले तर त्या तुमच्याकडंच येणार आणि त्यांचं बरोबरच असणार. विंडोज 10 वाल्यांनी पण बघून घ्या, त्याचा मोफत सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपलाय. बँकेचं काम ज्या मशीनवर चालतंय तिथं विंडोज 11 चालतंय का ते आधी तपासा, नसेल चालत तर लिनक्स टाकायचा पर्याय घरच्यांशी बोलून ठरवा.

इथं थांबायचं म्हणजे थांबायचं

एसएमपीएसचं झाकण उघडायचं नाही, पिन काढलेली असली तरी नाही. आतल्या मोठ्या कॅपॅसिटरमध्ये सव्वातीनशे व्होल्टच्या आसपास डीसी साठलेला असू शकतो. नवीन एसएमपीएस आणा, दुरुस्त करत बसू नका.

बॅटरी फुगली असेल, म्हणजे टचपॅड वर आलाय, लॅपटॉप टेबलावर डुलतोय, तर चार्जर काढा आणि मशीन वापरायचं बंद करा. टोचायची नाही, दाबून बसवायची नाही, स्क्रूड्रायव्हरनं उचकटायची तर अजिबात नाही. लिथियमला आग लागली की घरात विझवणं अवघड जातंय.

हार्ड डिस्कचं झाकण उघडायचं नाही, मग व्हिडिओत कितीही सोपं दिसू दे.

आणि पूर. 2019 ला आणि 2021 ला व्हीनस कॉर्नरपासून शाहूपुरीपर्यंत दुकानांत पाणी आलेलं आपण बघितलंय. पाण्यात बुडालेलं मशीन "चालतंय का बघू" म्हणून चालू करणं ही सगळ्यात मोठी चूक, पाण्यापेक्षा ओल्या बोर्डातनं गेलेली वीज जास्त नुकसान करते. तांदळात ठेवून काही होत नाही, गाळ आणि क्षार आतच वाळतात. डेटा महत्त्वाचा असेल तर बुडालेली हार्ड डिस्क उन्हात वाळवू नका, ओलीच पिशवीत बंद करून डेटा रिकव्हरीवाल्याकडं न्या. एसएमपीएस पाण्यात गेला असेल तर तो टाकूनच द्यायचा.

दुकानात न्यायची वेळ आली तर आपण काय काय केलं ते खरं सांगा, लाजू नका. "काहीच केलं नाही, आपोआप बंद पडला" म्हटलं की तो पोरगा दोन तास चुकीच्या दिशेनं शोधतोय आणि त्याचं बिल आपल्यालाच येतंय. मॉडेल नंबर, एररचा स्क्रीनचा फोटो, काय केल्यावर बंद पडलं आणि कुठला पार्ट काढून घातला एवढं लिहून द्या. बदललेला जुना पार्ट परत मागा, पावती घ्या, त्यावर पार्टचा सिरियल नंबर लिहून घ्या.

उरलेल्या भंगाराचं

जुनी बॅटरी, जळका बोर्ड घंटागाडीत ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकू नका. ई-कचऱ्याचे नवे नियम 1 एप्रिल 2023 पासून लागू आहेत, आणि बॅटरीचे नियम वेगळे 2022 चे आहेत, परत घ्यायची जबाबदारी कंपन्यांवर टाकलीय. नवी बॅटरी घेताना दुकानदाराला जुनी ठेवून घ्यायला सांगा, पण फुगलेली असेल तर नेण्याआधी फोन करून विचारा.

जुनी डिस्क विकायची असेल तर क्विक फॉरमॅट मारून देऊ नका, त्यानं फाइलींची यादी जाते, फाइली तिथंच असतात. हार्ड डिस्कला पूर्ण फॉरमॅट मारा म्हणजे सगळीकडं शून्य लिहिलं जातंय, त्याला काही तास लागतात, रात्री लावून झोपा. एसएसडीला कंपनीचं स्वतःचं सॉफ्टवेअर असतंय त्यातलं सिक्युअर इरेज वापरा. आणि डिस्क बंदच पडली असेल, पुसताच येत नसेल, तर भंगारवाल्याला पन्नास रुपयांना द्यायच्या आधी ड्रिलनं आरपार दोन-तीन भोकं पाडा.